रोल घरी धुवायचा तर आधी पाण्याकडे बघा

जुन्या बाजारातून आजोबांच्या वयाचा कॅमेरा उचलून आणणारी पोरं हल्ली मला एकच विचारतात: डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. डेव्हलपर नंतर बघू, आधी चांगला थर्मामीटर घे. डब्यांवर छापलेल्या रोल धुवायच्या वेळा २० अंशांच्या असतात आणि पुण्याच्या नळाला तसलं पाणी येतं ते थंडीच्या थोड्या दिवसांत. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे उतरतं, त्यात चहापत्तीच टाकावी.

मी इल्फर्डची एचपी५ प्लस ही कृष्णधवल फिल्म वापरते आणि त्यांच्याच आयडी-११ डेव्हलपरमध्ये धुते. स्टॉक (डेव्हलपरचं मूळ द्रावण) निम्मा, पाणी निम्मं. २० अंशांना याची वेळ १३ मिनिटं. पाणी गरम तशी वेळ कमी. इल्फर्डचाच हिशोब सांगतो, २० ला ४ मिनिटं लागत असतील तर २३ ला ३ पुरतात. म्हणून उन्हाळ्यात मी २० चा नाद सोडते आणि २४ अंश, ९ मिनिटं धरते. खोलीत ३३ असताना टँक (रोल धुवायचा, उजेड न शिरणारा डबा) २० वर धरून ठेवणं कुणाला जमत असेल तर त्यांना नमस्कार. फार वर मात्र जाऊ नका. ५ मिनिटांच्या आत उरकलेला रोल कुठे गडद, कुठे फिका निघण्याची भीती असते.

२४ आणायचे कसे? एका पस्तीस एमएमच्या रोलला ३०० मिली पुरतं, म्हणजे १५० स्टॉक आणि १५० पाणी. स्टॉक बाटलीत ३१ अंशांवर बसलाय असं समजा. मग फ्रिजमधलं आणि माठातलं पाणी एकत्र करून १७ अंशांचं करा आणि त्यातलं १५० मिली घ्या. दोन्ही मिसळले की २४. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, त्याने प्रमाण बिघडतं. टँक ज्या टबात ठेवणार त्या पाण्यात, पिशवीत बांधून टाका. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही त्याच टबात आधीपासून ठेवा, म्हणजे सगळे एका तापमानाला येतात. मापं, बाटल्या बोहरी आळीतून वेगळ्या आणा. स्वयंपाकघरातलं माप एकदा इकडे आलं की परत ओट्यावर जाणार नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे. बाटल्यांवर ठळक नाव लिहून त्या मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

रोल टँकमधल्या रिळावर चढवणं पूर्ण अंधारातच. सिनेमात दिसतो तो लाल दिवा फोटो छापायच्या कागदासाठी; ही फिल्म लाल उजेडालाही बिचकते. चेंजिंग बॅग, म्हणजे हात आत घालून काम करायची काळी पिशवी, पावसाळ्यात मला नकोशी होते. आत हातांना घाम फुटतो, रीळ ओलसर होतं आणि फिल्म अर्ध्यात अडकते. त्यापेक्षा रात्री कोरड्या बाथरूममध्ये खिडकीला गोधडी लावा, पाच मिनिटं बसा आणि तरी स्वतःचा हात दिसला नाही तरच काम सुरू करा. फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल केले की ती रिळात सरळ सरकते. वाया गेलेल्या रोलवर आधी उजेडात, मग डोळे मिटून सराव करा. टँकचं झाकण लागलं की दिवा लावायला हरकत नाही.

डेव्हलपर ओता, पहिल्या १० सेकंदांत टँक चारदा उलटासुलटा करा आणि ओट्यावर हलकेच आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतात. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चारदा. जोरजोरात घुसळायचं नाही. वेळ संपता संपता ओतून टाका. हा डेव्हलपर पुन्हा वापरायचा नाही. मग साध्या पाण्याने खळबळा.

रॅपिड फिक्सर एक भाग, पाणी चार भाग. त्याची वेळ मी डब्यावरून घेत नाही. कापलेल्या टोकाचा तुकडा उजेडात फिक्सरमध्ये टाकते. दुधी तुकडा हळूहळू काचेसारखा होतो. त्याला लागला त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. फिक्सर जुना झाला की तुकडा रेंगाळतो आणि तुम्हाला आपोआप कळतं.

शेवटचं धुणं नळाखाली तासभर चालवू नका, टँकर कितीला येतो ते सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. टँक भरून पाचदा उलटा, ओता, नव्या पाण्यात दहादा, ओता, मग वीसदा. एवढं पुरतं. पण अखेरचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये, वेटिंग एजंटचे (पाणी डाग न ठेवता निथळवणारं द्रव) थोडे थेंब घालून. बोअरच्या जड पाण्याचे वाळलेले पांढरे डाग आकाशात असे बसतात की स्कॅनरवर ढग कुठला आणि डाग कुठला कळत नाही. बोटांनी निपटू नका. वर चिमटा, खाली चिमटा, पंखा बंद. जुलैमध्ये रात्रभर लागतो, मेमध्ये दोनेक तासांत वाळतो.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तेव्हा तो मोरीत किंवा कुंडीत ओतू नका. कॅनमध्ये साठवा आणि त्यात भांडी घासायचं साधं लोखंडी तारेचं लोकर टाकून ठेवा, चांदी गाळ होऊन खाली बसते. स्टेनलेसच्या घासणीने हे होत नाही.