हार्वेस्टर ट्रेलरवर चढवताना: पहिल्या हंगामाला येणाऱ्या पोरांसाठी

आमच्या पलूस भागात गाळप हंगाम संपत आला की हार्वेस्टर, म्हणजे ऊसतोडणीचं यंत्र, हलवायची घाई सुरू होते. इथले फड मोकळे झालेले असतात, पुणे जिल्ह्यात ऊस अजून उभा असतो, आणि मशीन एक दिवस जरी बसून राहिलं तरी मालकाच्या जिवाला घोर लागतो. लो बेड ट्रेलर, म्हणजे जड यंत्रं नेणारा बुटका ट्रेलर, येतो तो रात्री. बांधाशी उभा राहतो आणि जो तो म्हणतो, ‘चढव पटकन.’ तिथं घाई करू नका. मी केली होती.

माझा दुसरा हंगाम. मशीन ओल्या फडातून सरळ ट्रेलरवर घेतलं. टायरच्या नक्षीत काळा चिखल गच्च बसलेला. चार साखळ्या ताणल्या, हलवून पाहिल्या, जराही हलेनात. पुण्याच्या वाटेवर खंबाटकी घाटातला बोगदा संपून उतार लागला. पुढच्या एस वळणाआधी ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि मागं धाडकन आवाज झाला. गाडी कडेला घेऊन बॅटरी मारली. मशीन वीतभर पुढं आलेलं, पुढच्या दोन्ही साखळ्या लोंबत होत्या, सगळा भार मागच्या दोघींवर. त्या तुटल्या असत्या तर केबिनमध्ये आम्ही दोघं होतो.

कारण साधं होतं. वाटेतल्या हादऱ्यांनी टायरखालचा चिखल दाबला गेला, सुकून गळाला, मशीन थोडं खाली बसलं आणि साखळ्यांचा ताण गेला. त्यात लोखंडी पाट्यावर चिखल म्हणजे साबणच. तेव्हापासून टायर, रॅम्प आणि ट्रेलरचा पाटा धुतल्याशिवाय मी इंजिन चालू करत नाही. टायरखाली फळ्या किंवा रबराचा पट्टा टाकतो, पकड चांगली मिळते.

चढवताना ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर हवा. त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले हवेत. इशारा एकानंच करायचा. चौघं चार बाजूंनी ओरडायला लागले की मी मशीन थांबवतो. रॅम्पच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, मालकसुद्धा नाही. रॅम्पवर गिअर बदलू नका, क्लच दाबू नका, स्टिअरिंग फिरवू नका. तिरकं लागलं असेल तर खाली उतरा आणि पुन्हा सरळ लावा. रॅम्पच्या माथ्यावर मशीनचा तोल एकदम पुढं पडतो, तिथं सगळ्यांत दमानं. मोकळा ट्रॅक्टर तीव्र रॅम्पवर सरळ घातला तर पुढची चाकं उचलतात. तो रिव्हर्समध्ये चढवा.

वजन कुठं बसलं हेही बघा. मशीन फार मागं राहिलं तर ओढणाऱ्या गाडीच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो.

आता साखळी. नवीन पोरं इथं हमखास चुकतात. मशीन पुढं जाऊ नये म्हणून साखळी मागं ओढलेली लागते. मागं जाऊ नये म्हणून पुढं. म्हणजे चारही कोपऱ्यांतून वेगवेगळी साखळी, एकच लांब साखळी सगळीकडून फिरवून नाही. अमेरिकेतल्या नियमात ४,५३६ किलो किंवा जास्त वजनाच्या अशा यंत्राला किमान ४ बांधण्या सक्तीच्या आहेत. मला तो हिशोब पटतो. जोरात ब्रेक लागला की वजनाच्या ८० टक्क्यांइतका जोर पुढं येतो असं धरून चालतात. १२ टनांचं मशीन असेल तर ९.६ टन. ग्रेड म्हणजे साखळीच्या पोलादाची ताकद. ग्रेड ८० ची १० मिमी साखळी ३.१५ टन भार सुरक्षित पेलते, १३ मिमीची ५.३ टन. ४५ अंशात बांधली तर आडव्या ओढीला त्यातलं साधारण ७० टक्केच बळ मिळतं. म्हणून हिशोब कागदावर करा, आणि साखळीवर ग्रेडचा शिक्का नसेल तर ती वापरू नका. गाठ मारलेली किंवा वेल्डिंग केलेली कडीही नको. साखळी अडकवायची ती कंपनीनं दिलेल्या कड्यातच. हायड्रॉलिक सिलिंडरला किंवा पाइपला कधीच नाही. साखळी ताणायचा लिव्हरचा बाइंडर सोडताना दांडा उसळून तोंडावर येतो, शक्यतो टप्प्याटप्प्यानं ताणणारा रॅचेटचा घ्या.

हार्वेस्टरचा एलिव्हेटर, म्हणजे तोडलेला ऊस वर नेणारा पट्टा, आत वळवून पिन घाला, आणि वाढे छाटणारा टॉपर खाली घ्या. हायड्रॉलिकच्या भरवशावर काहीही उचललेलं ठेवू नका, रात्रीतून तेल उतरतं. पार्किंग ब्रेक लावा, बॅटरीचं कनेक्शन तोडा. टर्बोचं इंजिन असेल तर धुराड्याचं तोंड बांधा. वाऱ्यानं बंद इंजिनातला टर्बो फिरतो आणि तेलाविना बेअरिंग खराब होतं.

निघण्यापूर्वी जमिनीपासून सगळ्यांत उंच टोकापर्यंत टेप लावा आणि ते माप ड्रायव्हरला लिहून द्या. गावातल्या विजेच्या तारा लोंबलेल्या असतात. वाहनाच्या रुंदीची कायदेशीर मर्यादा २.६ मीटर आहे. यंत्र त्याबाहेर जात असेल तर परवानगी आधीच काढा, लाल झेंडे आणि रात्री दिवे लावा. पहिल्या १० किलोमीटरच्या आत थांबून साखळ्या बघायच्या. पलूसहून निघालो की मी पुन्हा कराडला थांबतो, मग साताऱ्याला, आणि आता खंबाटकीच्या अलीकडेही.

या कामात यायचं असेल तर आयटीआयचा मेकॅनिक ट्रॅक्टर किंवा मेकॅनिक डिझेल ट्रेड करा. ट्रेलर चालवायचा असेल तर वय २० पूर्ण आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान वर्षभर जुनं हवं. पहिला हंगाम साखळ्या धुण्यात आणि मोजण्यातच जाऊ द्या, त्यात कमीपणा मानू नका.

उतरवतानाही तीच शिस्त. पोहोचल्याबरोबर साखळी सोडायला धावू नका. आधी ट्रेलर सपाट जागेवर, मग मशीनचा ब्रेक आणि ठोकळे बघायचे, मशीन कुठल्या साखळीवर रेलून बसलंय ते हात न लावता पाहायचं. जी सगळ्यांत घट्ट, ती सगळ्यांत शेवटी.