कपाशी: मातीचा नमुना आणि किडींची मोजणी कशी करावी

प्रयोगशाळेत जाते अर्धा किलो माती आणि तिच्यावरून अख्ख्या शेताच्या खताचा हिशेब ठरतो. नमुना चुकला तर अहवालही चुकतो, म्हणून खरी काळजी शेतातच घ्यायची.

आधीचे पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी नमुना घ्या. मातीचा रंग, उतार किंवा खोली बदलत असेल, तर त्या भागाचा नमुना वेगळा. बांधालगतची, झाडाखालची, पाणी साचणारी आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळा. नागमोडी चालत 15 ते 20 ठिकाणी काडीकचरा बाजूला सारून ‘व्ही’ आकाराचा 20 सेंमी खोल खड्डा करा. त्यातली माती टाकून द्या आणि एका बाजूने वरपासून तळापर्यंत 2-3 सेंमी जाडीचा सारखा काप घ्या. काप वर जाड, खाली पातळ आला, तर वरच्या थराचा वाटा वाढतो आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन) आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

माती प्लॅस्टिकच्या घमेल्यात गोळा करा. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली की जस्ताचा आकडा बिघडतो. खताची रिकामी गोणी तर नकोच. ढेकळे फोडून माती गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. चिठ्ठीवर शेत, खोली, तारीख, मागचे आणि पुढचे पीक लिहा.

अहवालात सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांखाली असेल तर तो कमी समजा. सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल वा विम्ल हे सांगणारा आकडा) 8 च्या वर गेला की स्फुरद, जस्त आणि लोह जमिनीत असूनही मुळांना पुरेसे मिळत नाहीत. लोहाअभावी कोवळी पाने पिवळी पडली, की लगेच युरिया टाकला जातो. पिवळेपणा हटत नाही, उलट युरियातल्या जास्तीच्या नत्राने पाने लुसलुशीत होतात आणि मावा, तुडतुडे वाढतात. म्हणूनच माती आणि किडींच्या नोंदी एकाच वहीत ठेवाव्यात.

रसशोषक किडी दर आठवड्याला मोजा. कडेच्या ओळी सोडून शेतभर 20 झाडे निवडा आणि प्रत्येकाचे वरचे, मधले, खालचे एकेक पान तपासा. पान तोडू नका, हळूच उलटा. धक्का लागला की तुडतुडे तिरके पळतात आणि मोजणी कमी भरते. 60 पानांवर 120 तुडतुडे, म्हणजे पानाला 2, ही फवारणीचा विचार करण्याची पातळी.

गुलाबी बोंडअळीसाठी पेरणीनंतर 45 दिवसांनी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच लावा. पीक वाढेल तसे ते वर घ्या, ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) पाकिटावरील मुदतीत बदला. रोज सकाळी पतंग मोजून सापळा रिकामा करा, नाहीतर कालचे पतंग आज पुन्हा मोजले जातात. सलग 3 रात्री प्रति सापळा रोज 8 पतंग आले, तर उपाय करायची वेळ आली.

पण सापळा फक्त पतंग दाखवतो, अळी नाही. पाकळ्या धाग्यांनी चिकटलेल्या डोमकळ्या दिसताच तोडून अळीसह नष्ट करा. पुढे एकरी 20 हिरवी बोंडे, कुठलीही निवड न करता, तोडून उकला. अळी आत शिरल्यावर छिद्र बुजते, त्यामुळे बाहेरून बोंड धडधाकट दिसते. 20 पैकी 2 बोंडांत अळी किंवा तिचे नुकसान दिसले, तर प्रादुर्भाव 10 टक्के झाला. सापळ्यात पतंग कमी असले तरी आता थांबू नका.