आधी बल्ब बदला, मग सोफा बघा

स्कँडिनेव्हियन पद्धतीचं साधं, उबदार घर हवं असेल, तर फर्निचरच्या दुकानात जाण्याआधी छताची ट्यूबलाइट बंद करून बघा. डेन्मार्क-स्वीडनमध्ये हिवाळ्यात दुपारीच अंधारतं, म्हणून तिथे घराची सगळी ऊब दिव्यांवर उभी असते. डेन्मार्कचे दिव्यांचे रचनाकार पॉल हेनिंगसन यांनी १९२० च्या दशकात दिव्याला एकावर एक शेड बसवल्या त्या एवढ्याचसाठी, की उघडा बल्ब डोळ्यांत खुपू नये.

आपण काय करायचं? खोलीत एकच मोठा दिवा न ठेवता दोन-तीन छोटे, बसल्यावर नजरेच्या खाली येतील असे ठेवा. बल्ब घेताना खोक्यावर २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाश, लिहिलंय ना, ते वाचा. ६५०० चा पांढरा प्रकाश घराला दवाखाना करतो.

भिंतींचा पांढराशुभ्र रंग मात्र जसाच्या तसा उचलू नका. तिकडे ऊन कमी, म्हणून तो शोभतो. साताऱ्याच्या एप्रिलमध्ये तोच डोळे दिपवतो. सायीसारखा रंग घ्या.

आणि तिकडच्यासारखी खुर्चीवर टाकायला मेंढीच्या कातड्यासारखी दिसणारी कृत्रिम धाग्याची आच्छादनं कशाला? माण, आटपाडी, जतच्या मेंढ्यांची लोकर आपल्याकडे आहे. हातमागावरची काळी-करडी घोंगडी लाकडी बाकावर घडी करून टाका, त्याहून सुंदर काही मला तरी दिसलेलं नाही. नवी घोंगडी टोचते, म्हणून बसताना वर सुती चादर घाला. पावसाळा संपला की घोंगडीला कडक ऊन द्या, नाहीतर कसर लागते.