आधी तेलाचा हिशेब

रविवारच्या कोलेस्टेरॉलच्या वर्गात इंदूरच्या माणसाला पहिल्याच दिवशी "सेव सोडा" म्हणालात, तर पुढच्या रविवारी खोलीत तुम्ही एकट्याच. माझं तसंच झालं होतं. शाळेत गृहविज्ञान शिकवत नोकरी सरली, पण साठीच्या काका-काकूंना कोलेस्टेरॉल समजावायचं म्हणजे दहावीच्या मुली बऱ्या!

आता मी फक्त विचारते, महिन्याला तेल किती आणि खाणारे किती? "चौघांत 5 लिटर." भागाकार त्यांनाच करू द्या. माणशी रोज 40 मिलिलिटरच्या वर, म्हणजे पोह्याचे जवळजवळ तीन चमचे. बाहेरची कचोरी वेगळीच. आकडा स्वतःच्या हातून निघाला की वाद घालायला कोणी उरत नाही. गृहपाठ एवढाच: पुढच्या महिन्यात 4 लिटर आणायचं.

दुसऱ्या वेळी तेलाच्या रिकाम्या पिशव्या मागवा. 'कोलेस्टेरॉल नाही' हे मोठ्यांदा वाचायला लावा. वनस्पतीच्या तेलात ते नसतंच, मग मिरवायचं काय? पाहायची ती संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट), रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारी. पाम तेलात ती साधारण निम्मी, तुपात 60 टक्क्यांच्या आसपास. तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, म्हणजे बाफल्यांचा विषय इथे मी काढत नाही, काका-काकूंचे चेहरेच सांगतात.

रंगतो तो इसबगोलाचा वर्ग. नीमचच्या मंडीतला माल, सगळ्यांच्या ओळखीचा, पण पोट साफ करायचा म्हणून. पेलाभर पाण्यात चमचाभर भुशी घाला आणि पेला फिरवा. थोड्या वेळात खळ होते. सांगा, आतड्यात ही खळ पित्ताम्लांना, म्हणजे यकृत कोलेस्टेरॉलपासून करतं त्या पित्तातल्या आम्लांना, धरून बाहेर नेते. नवी करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. ओट्स, जव, राजमा, पेरू यांचंही काम असंच. भुशी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, आणि गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब.

पोहे राहू द्या. फक्त उसळ-पोहे करा, मटकी वाढवा, सेव मुठीची चिमटीवर आणा.

एक काका तिसऱ्या आठवड्यात कोलेस्टेरॉलची गोळी बंद करून आले, खुशीत! त्यामुळे आता दर वर्गात बजावते: गोळीचं डॉक्टर ठरवतील, आणि तपासणी साधारण तीन महिन्यांनी. काहींचं कोलेस्टेरॉल घराण्यातूनच चढं असतं, नुसत्या ताटाने ते पुरेसं उतरत नाही.

थंडीत गराडूचा, म्हणजे इथे तळून खातात त्या कंदाचा प्रश्न येतोच. उकडून, तव्यावर चमचाभर तेलात परता, वर जीरावन मसाला आणि लिंबू. सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्यासारखा लागत नाही, हे मी आधीच कबूल करते.