वावरात अन जंगलात फिरायला फोर बाय फोर घ्यायची, तर डिझेल की पेट्रोल?

आपल्याकडे कोणी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी जीप घेतो म्हटलं की पारावरचे चारही जण एकच सांगतात, "डिझेल घे बावा, पेट्रोल काय कामाचं." महिंद्राच्या जुन्या मेजर अन एमएम ५४० जीपच्या काळात हा सल्ला एकदम बरोबर होता, तेव्हाचं डिझेल इंजिन म्हणजे पंप, नोझल अन लोखंड, ट्रॅक्टरवाला मिस्त्रीच ते खोलून परत बसवून द्यायचा. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस६ हा गाडीच्या धुराचा कडक नियम लागू झाला अन डिझेलचं सगळं गणित बदललं, सल्ला मात्र तोच चालू आहे. म्हणून बुकिंगचे पैसे भरायच्या आधी जरा बसून विचार करा.

पहिले पहा तुमची गाडी रोज चालणार कशी. बीएस६ डिझेलच्या सायलेन्सरच्या लाईनमध्ये डीपीएफ म्हणून एक फिल्टर राहते, त्यात धुरातली काजळी अडकते. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट ६०० डिग्रीच्या आसपास तापावा लागते, अन हायवेवर लांब चालली की हे काम आपोआप होऊन जाते, तुम्हाला कळतही नाही. आता तुमचं रोजचं जाणं घर ते वावर तीन-चार किलोमीटर, पांदणीतून दुसऱ्या गियरमध्ये, अन इंजिन धड तापायच्या आतच चावी बंद, तर फिल्टर भरतच जाते. मग डॅशबोर्डवर लाईट लागते, तरी दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कापते अन सर्व्हिस सेंटरचा रस्ता धरावा लागते, जे आपल्याकडे बहुतेक जिल्ह्याच्या गावालाच असते.

आणखी एक गोष्ट, जी सेल्समन सांगत नाही. काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडते, अन ते काम अर्ध्यात तुटत राहिलं तर त्यातलं थोडं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढून पाहिली अन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वर चढलेलं दिसलं, हाताला पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर तसंच चालवू नका, ऑइल बदला. हे टाळायचं असेल तर आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं मोठ्या रस्त्यावर २००० च्या वर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) ठेवून गाडी पळवा. दर हप्त्याला अमरावती-नागपूर करणाऱ्याला याचं काही टेन्शन नाही. अन मार्च ते मे कुटाराच्या ढिगाजवळ, पऱ्हाटीवर किंवा वाळल्या गवतात गाडी लावू नका, खालचा पाईप भल्ला तापलेला राहते. पेट्रोल गाडीचा धूर साफ करणारा कन्व्हर्टरही तापतेच, त्यामुळे ही काळजी दोघांनाही.

मग पैशाचा हिशोब, तो कागदावरच करा. समजा डिझेल मॉडेल ऑनरोड दीड लाखानं महाग पडते (महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे). पेट्रोल १०४ रुपये अन ॲव्हरेज ९ धरलं तर किलोमीटरला साडेअकरा रुपये, डिझेल ९१ अन ॲव्हरेज १३ धरलं तर सात रुपये. म्हणजे किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचले, दीड लाख निघायला साधारण ३३ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला बारा हजार चालवत असाल तर पावणेतीन वर्षांत वसूल, अन वर्षाला चारच हजार चालत असेल तर आठ वर्षं निघून जातात. भाव अन ॲव्हरेज तुमच्या गावचे टाका, पद्धत हीच.

आता ताकदीचं. डिझेल म्हणजे टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, हे अर्धंच खरं आहे. थारचं २.० टर्बो पेट्रोल मॅन्युअलमध्ये ३०० एनएम टॉर्क देते अन २.२ डिझेलही ३००च देते, म्हणजे तिथे भांडणच नाही. मारुतीच्या जिम्नीचं १.५ पेट्रोल मात्र टर्बो नाही, १३४ एनएम अन तेही ४००० आरपीएमला, त्यामुळे चढावर तिला रेस देऊन, लो गियर टाकूनच काढावं लागते. पण जिम्नी बाराशे किलोची, थार तिच्यापेक्षा साधारण अर्धा टन जड, अन आपल्या काळ्या मातीत हा फरक लय मोठा आहे. पाऊस पडून दोन दिवस झाले की कपाशीच्या वावराजवळची माती टायरच्या खाचांत अशी भरते की टायर गुळगुळीत होऊन जाते, मग टॉर्क कितीही असो, चाक जागेवर फिरते. तिथे हलकी गाडी कमी खचते, अन पेट्रोल पटकन आरपीएम चढवते म्हणून चाक जोरात फिरून खाचांतला गारा बाहेर फेकते. तरी टायरचे पैसे इंजिनच्या आधी बाजूला काढून ठेवा, मड टायरशिवाय आपल्या मातीत दोन्ही इंजिनं सारखीच फसतात.

मेळघाटात उलटं आहे. चिखलदऱ्याकडे किंवा धारणीच्या आतल्या रस्त्यांवर गोटे, चढ, नाल्यातले दगड. तिथे हळूहळू, क्लच न जाळता गाडी रांगवायची असते अन डिझेल तिथे मजेत चालते, कमी आरपीएमला बंद पडत नाही. उतारावर डिझेलच गाडी धरते असं लोक सांगतात, पण खरं काम फोर-लो (फोर बाय फोरचा हळू पण जोराचा गियर) अन पहिला गियर करते, तो टाकला की पेट्रोलही धरते.

इंधन कुठे मिळते हेही पहा. भामरागडकडे किंवा तशा आतल्या भागात जाणं असेल तर डिझेलवाला एका टाकीत जास्त लांब जाते, अन ट्रॅक्टरमुळे गावात कोणाकडे तरी डिझेल सापडतेच. पेट्रोल घरी साठवायची गोष्टच नाही, धोक्याचं आहे. पण ट्रॅक्टरच्या ड्रममधलं डिझेल थेट कॉमन रेल (बारीक इंजेक्टरनं जास्त दाबात डिझेल फवारणाऱ्या) गाडीत ओतू नका. आधी काचेच्या बाटलीत थोडं काढून अर्धा तास ठेवा, खाली पाण्याचा थर किंवा कचरा बसला तर ते गाडीत नाही. जुन्या मेजरनं ते पचवलं असतं, आताचा इंजेक्टर पचवत नाही अन चार इंजेक्टरचं बिल ऐकून माणूस खाली बसते. फिल्टरला पाणी काढायचा नट असेल तर पावसाळ्यात तो मधूनमधून सोडून पहा.

नाल्याच्या पाण्याचं म्हणाल तर आता दोघांतही कॉम्प्युटर अन वायरिंग आहे, त्यामुळे डिझेल पाण्यात चालते हा जुना भ्रम सोडा. हवा घ्यायच्या पाईपात पाणी गेलं की दोन्ही इंजिनं सारखीच मरतात.

कधीकधी बाजारच तुमच्यासाठी ठरवून टाकते. फोर्सची गुरखा फक्त डिझेल, जिम्नी फक्त पेट्रोल, अन पाच दरवाजांच्या थार रॉक्सला फोर बाय फोर पाहिजे तर डिझेलच घ्यावं लागते. तीन दरवाजांच्या थारमध्ये दोन्ही मिळतात, तिथे वरचा हिशोब लावा. माझं विचाराल तर वावर, बाजार अन कधीतरी ताडोबा, एवढंच फिरणाऱ्याला मी पेट्रोल घ्यायला सांगीन. संत्र्याचे कॅरेट ओढायचे, ट्रॉली जोडायची, महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर पडते, त्यानं डिझेल घ्यावं.

जुनी घेत असाल तर सकाळी थंड इंजिनवरच पहायला जा, मालकाला आधीच सांगून ठेवा की स्टार्ट करून ठेवू नका. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण ढिलं करा, तिथून भकाभका धूर येत असेल तर इंजिन खोलून दुरुस्तीला आलं आहे. डिझेल असेल तर डीपीएफ काढून टाकलाय का ते खाली वाकून पहा, पीयूसी अन फिटनेसच्या वेळी तो खर्च तुमच्याच बोकांडी बसते.