जुन्या शेव्हरोले पिकअपमध्ये नेमके कोणते इंजिन आहे?

१९६७ ते १९७२ या काळातील शेव्हरोले सी-१० पिकअप आज विकत घेतली, तर तिच्या बॉनेटखाली कारखान्यात बसवलेलेच इंजिन असेल असे नाही. शेव्हरोलेची छोट्या ब्लॉकची (ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांची, इंजिने बाहेरून इतकी सारखी असतात की एक उतरवून दुसरे चढवणे सोपे जाते, आणि अमेरिकेत ते सर्रास केले गेले. त्यामुळे विक्रेत्याने ‘तीनशे पन्नास’ घन इंचांचे इंजिन आहे असे सांगितले, तरी त्यावर विसंबू नये. व्हॉल्व्ह कव्हर (इंजिनाच्या वरची झाकणे), एअर क्लीनरवरचे स्टिकर आणि ब्लॉकचा नारिंगी रंग यांना पुरावा म्हणून काहीच किंमत नाही.

गाडीचा चासी नंबरही अर्धीच गोष्ट सांगतो. १९७२ च्या गाडीचा क्रमांक ‘सीसीई१४२’ ने सुरू होत असेल, तर त्यातील ‘ई’ म्हणजे व्ही-८ आणि त्या जागी ‘एस’ असेल तर सहा सिलिंडर. परंतु ही माहिती गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाची आहे.

प्रथम इंजिनाचे कुळ ठरवावे. सहा सिलिंडर एका रांगेत असतील तर ते नजरेला लगेच कळते. व्ही-८ मध्ये डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) मागे, फायरवॉलला (इंजिन व केबिन यांमधल्या पत्र्याला) लागून असावा; तो पुढच्या बाजूस दिसला तर ते शेव्हरोलेचे इंजिनच नव्हे. प्रत्येक व्हॉल्व्ह कव्हर कडेच्या चार बोल्टांनी बसवलेले असेल तर छोटा ब्लॉक, सात बोल्टांनी असेल तर मोठा. बोल्ट कव्हरच्या मध्यरेषेवर असतील, तर हेड (ब्लॉकवर बसणारा, सिलिंडरांचा माथा झाकणारा भाग) १९८७ किंवा त्यानंतरचे आहे, मात्र एवढ्यावरून ब्लॉकचे वय सांगता येत नाही, कारण हेडही बदलता येते.

खरी साक्ष बिडाच्या ब्लॉकवर ओतलेला क्रमांक देतो. तो चालकाच्या बाजूला (या अमेरिकी गाड्यांत डावीकडे), सिलिंडर हेडच्या मागे, गिअरबॉक्स जोडला जातो त्या कडेवर असतो. जागा अडचणीची आणि बहुधा तेलकट असते. ती डिग्रीझर व तारेच्या ब्रशने स्वच्छ करून आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा वापरावा. १४०१०२०७ हा ३५० घन इंचांचा ब्लॉक, तर १४०१०२०१ हा ३०५ चा. ३९७००१० मात्र फसवा आहे, कारण तो बहुतांशी ३५० साठी वापरला गेला असला तरी ३०२ आणि ३२७ इंजिनांतही आढळतो. ओतकामाची तारीखही ब्लॉकवर असते: ‘बी १४ २’ म्हणजे १४ फेब्रुवारी आणि २ ने संपणारे वर्ष. ते १९७२ की १९८२, हे ओतीव क्रमांकाच्या काळावरून ठरवावे.

दुसरा क्रमांक प्रवाशाच्या बाजूला (उजवीकडे), हेडच्या लगेच पुढे, ब्लॉकच्या सपाट पट्टीवर पंच केलेला असतो. त्यात कारखान्याचे अक्षर, जुळणीचा महिना व दिवस आणि शेवटी इंजिनाचा प्रकार दाखवणारी अक्षरे असतात. ‘व्ही’ म्हणजे फ्लिंट, ‘टी’ म्हणजे टोनावांडा. हे ठसे उथळ असतात, म्हणून येथे तारेचा ब्रश मुळीच लावू नये. थिनरने भिजवलेले फडके पुरे, आणि नंतर खडू घासला की अक्षरे उठून दिसतात. ब्लॉकचा माथा कधी मशीनवर तासला गेला असेल, तर हा क्रमांक नाहीसा झालेला असू शकतो.

दोन्ही क्रमांकांनी समाधान झाले नाही तर हेड उतरवून मोजमाप घेणे हाच अखेरचा उपाय, आणि माझ्या मते इंजिन दुरुस्तीसाठी उघडणारच असाल तर तोच सर्वांत विश्वसनीय. ३५० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच आणि ३०५ चा ३.७३६ इंच असतो. दोघांचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली होणारी चाल) ३.४८ इंचच असल्यामुळे येथे केवळ स्ट्रोक मोजून उपयोग नाही. याउलट ३२७ आणि ३५० चा बोअर एकच, पण ३२७ चा स्ट्रोक ३.२५ इंच. बोअर पूर्वी मोठा केलेला असेल तर ४.०३० इंच असे माप येईल. त्याने गोंधळून जाऊ नये, परंतु पिस्टन आणि रिंगा मात्र त्याच मापाच्या मागवाव्यात.