पाणी, वीज, पीक: ऑडिटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

शेतातल्या विहिरी आणि पंप तपासायच्या या ऑडिटच्या कामात इंजिनीअर येतात, भूजलवाले येतात, कृषी पदवीधरही येतात, आणि जो तो आपल्याच विषयाचा आकडा धरून बसतो. एकाच विहिरीवर, एकाच हंगामात पाणी, वीज आणि उत्पन्न तिन्ही मोजायची सवय पहिल्यापासून लावून घ्या.

टेप, घड्याळ, २०० लिटरचा ड्रम आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) एवढं सामान पुरतं. मोटर चालू करायच्या आधी पाण्याची पातळी घ्या. ड्रम ४० सेकंदांत भरला तर तासाला १८ हजार लिटर. मीटरवर ४१५ व्होल्टला ७.५ अँपिअर दिसले आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) ०.८५ धरला, तर तीन फेजच्या मोटरला तासाला साधारण ४.६ युनिट. म्हणजे हजार लिटरला पाव युनिट. एकूण हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची अधिक पाइपातलं घर्षण, ४० मीटर असेल तर तेच हजार लिटर उचलायला प्रत्यक्षात ०.११ युनिटचंच काम होतं. या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे कार्यक्षमता; ती इथल्यासारखी निम्म्याच्या खाली दिसली की फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप), इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) आणि पाइपाचा व्यास तपासा. एकरभर एक इंच पाणी द्यायचं तर सुमारे १ लाख ३ हजार लिटर, म्हणजे याच मोटरला पावणेसहा तास.

नवे लोक पहिल्या पाच मिनिटांत मोजणी उरकतात आणि तिथेच फसतात. बेसॉल्टमधल्या, म्हणजे काळ्या कातळातल्या विहिरीची पातळी भराभर उतरते, धार बारीक होते. दर अर्ध्या तासाने ड्रम लावा. मोटर बंद झाल्यावर विहीर किती वेळात भरते हेही लिहा. आमच्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा आकडा तो.

ठिबकने पाणी वाचतं, पण दर हजार लिटरला वीज वाढू शकते. लाइनमध्ये १ किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) दाब ठेवायचा म्हणजे १० मीटर हेड वाढतं. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर फिल्टर धुवायला सांगा. आणि एक प्रश्न कधी चुकवू नका: ठिबक आल्यावर बागायत किती वाढली? वाचलेलं पाणी शेजारच्या एकरात गेलं, तर विहिरीला काहीच मिळालं नाही.

सौरपंपाचंही तसंच. रात्रीचं भरणं टळतं, हा दिलासा फार मोठा आहे. पण बिल नसल्याने उपशाला लगाम उरत नाही. म्हणून पंपाची शिफारस करताना पीकही ठरवा. हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर पिकं ठरतात, आणि शेतीसाठी बोअर घेत नाहीत. शिकायला जायचं तर तिथे पाऊसकाळ संपता संपता जा.